पुकेकोंच्या बॅटी आणि खंडेनवमी

"यंदा शील्ड आपलीच," असं गुरुदत्त खांबेटे बॉटनी डाउन्समध्ये भेटेल त्याला सांगत सुटला होता. ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही सांगत होता. साल दोन हजार सात, महिना ऑक्टोबर. रग्बीच्या वर्ल्ड कपमधून न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स नुकतेच बाहेर पडले होते आणि सगळा देश सुतकात होता. कोपऱ्यावरच्या डेअरीतला, म्हणजे इथल्या किराणा दुकानातला, माणूस सुटे पैसे परत देतानाही उसासा टाकायचा. अशा दिवसांत हा एकटाच माणूस लग्नघरातल्यासारखा हिंडत होता, कारण त्याचा खेळ रग्बी नव्हता. पुण्याचा असूनही क्रिकेट नव्हता. त्याचा खेळ होता बेसबॉल!

हे खूळ त्याने अमेरिकेतून आणलं. कंपनीने दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. बाकीचे लोक येताना परफ्यूम आणि चॉकलेटं घेऊन आले, हा बेसबॉल घेऊन आला. पुढे न्यूझीलंडला बिऱ्हाड थाटल्यावर पंचाईत झाली, कारण इथे सॉफ्टबॉल खेळतात आणि बेसबॉल म्हटलं की "तेच ना ते?" असं विचारतात. शोधता शोधता त्याला पाकुरंगा पुकेकोज नावाचा क्लब सापडला. पुकेको हा इथला निळा, लाल पायांचा पक्षी. ओढ्याकाठी मजेत हिंडतो आणि गाडी आली की नेमका चुकीच्या बाजूला पळतो. संघाला हे नाव कुणीतरी पूर्ण विचार करून दिलं असावं.

गुरुदत्तला स्वतःला खेळता येत नव्हतं. पहिल्याच सरावात त्याने फेकलेला चेंडू शेजारच्या मैदानावरच्या बार्बेक्यूत पडला आणि त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच संपली. पण त्याच्याकडे टोयोटा एस्टिमा होती, तिला भलीमोठी डिकी होती, आणि घराला दोन गाड्यांचं गॅरेज होतं. संघाचा कप्तान ब्रेट हा धंद्याने प्लंबर, त्यामुळे कुठली वस्तू कुठे बसवायची हे त्याला बरोबर कळायचं. त्याने गुरुदत्तला सामानाचा प्रमुख केलं. बॅटी, ग्लोव्ह, धावताना गाठायचे उशीसारखे बेस, चेंडूंची पिशवी, कॅचरचा, म्हणजे विकेटकीपरचा, मुखवटा, सगळं गुरुदत्तच्या गॅरेजात. त्याच्याशिवाय पुकेकोंचं पान हलत नाही, असं तो म्हणायचा. त्याची बायको मृदुला म्हणायची की गॅरेज भरलंय म्हणून पान हलायला जागाच नाही.

रोज रात्री जेवताना तो संघाचा आढावा घ्यायचा. पिचर केंजी, म्हणजे आपला बोलर. सुशीचं दुकान चालवतो, माणूस इतका शांत की दुसऱ्याला धक्का लागला तरी हाच माफी मागतो, पण चेंडू असा टाकतो की समोरच्याला दिसतच नाही. हाणामारीला टोंगाचा टेविटा. त्याच्या बॅटला चेंडू लागला तर तो मोटरवेवर शोधायचा. उरलीसुरली जागा भरायला चिराग, डोंबिवलीचा पोरगा, गुरुदत्तच्याच ऑफिसात टेस्टर. त्याची एकच खोड, फटका मारला की बॅट हातात घेऊनच पळतो. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं, पण पंधरा वर्षांची क्रिकेटची सवय हातातून सुटेना. तेवढं सुधारलं की शील्ड खिशात!

हे सगळं मृदुला ऐकत नसे. ती ओटाहुहुला एका केमिस्टकडे फार्मसिस्ट, दिवसभर लोकांचं ऐकून दमलेली. नऊ वर्षांची सिद्धी मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि बेसबॉलवर तिचं एकच उत्तर होतं, "बोअरिंग." ऐकायचे ते फक्त गुरुदत्तचे वडील, दीनानाथराव.

दीनानाथराव एसटीतून निवृत्त झालेले. स्वारगेटला वाहतूक नियंत्रक होते. आवाज असा की आजही त्यांनी "चला, चला" म्हटलं तर टाउन सेंटरमधले चार अनोळखी लोक उठून उभे राहतील. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना सणासुदीला गावी पोचवलं आणि स्वतः ड्यूटीवर राहिले. गुरुदत्तच्या शाळेतलं नाटक, कॉलेजचं बक्षीस, पहिली मुलाखत, कशाला म्हणून ते आले नाहीत. येऊ शकले नाहीत, असं आई सांगायची. आई गेली त्याला चार वर्षं झाली होती. आता सहा महिन्यांच्या व्हिसावर ते मुलाकडे आले होते आणि पाच महिने खिडकीतून शेजारची हिरवळ बघून कंटाळले होते. मग एका संध्याकाळी ते गॅरेजात शिरले, उसवलेला एक ग्लोव्ह उचलला आणि दाभण मागितलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बापलेक गॅरेजात बसायचे. बाप ग्लोव्ह शिवायचा, मुलगा केंजीचं कौतुक करायचा. इतकं बोलणं त्यांचं उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

सीझनची पहिली मॅच लेबर डेला, म्हणजे इथल्या कामगार दिनाच्या सुट्टीला, सोमवारी होती. बाबांचं परतीचं तिकीट बुधवारचं. म्हणजे ही एकच मॅच त्यांना बघता येणार होती. गुरुदत्त वरवर शील्ड शील्ड करत होता, पण आतून त्याला एवढंच हवं होतं की एकदा तरी बाबांनी प्रेक्षकांत बसावं आणि त्याने मैदानावरून त्यांना तिथे बघावं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तो शील्डबद्दल बोलायचा.

शनिवारी खंडेनवमी आली. न्यूझीलंडची नवमी आणि पुण्याची नवमी एकच धरायची का, यावर बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बराच वेळ चर्चा केली आणि शेवटी धरली. मग त्यांनी हत्यारं कुठली आहेत असं विचारलं. घरात एक स्क्रूड्रायव्हर होता, तोही सापडेना. "बाबा," गुरुदत्त म्हणाला, "संघाची सगळी हत्यारं आहेत की गॅरेजात!"

म्हातारा असा खुलला की विचारू नका. गॅरेजात स्वच्छ चादर अंथरली. नर्सरीतून आणलेली झेंडूची फुलं वाहिली. बॅटींना तकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळलं, ग्लोव्हांचं चामडं तडकू नये म्हणून तिथेही चोळलं, आणि प्रत्येक चेंडूला हळदीकुंकवाची बोटं लावली. एस्टिमाच्या नाकावर हार चढवला, चाकाखाली लिंबं ठेवली. सगळ्यावर आईचा जरीकाठी शेला पांघरला. मग स्वारगेटच्या आवाजात जाहीर केलं, "आता याला कोणी हात लावायचा नाही," आणि नैवेद्याच्या पुऱ्या तळायला स्वयंपाकघरात गेले. श्रीखंड त्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं.

अकराच्या सुमाराला ब्रेटचा फोन आला. सोमवारी वादळ येणार म्हणून मैदान बंद राहणार होतं. समोरचा नॉर्थ शोरचा संघ आज खेळायला तयार होता. एक वाजता, ओटाहुहुच्या मैदानावर. सामान घेऊन ये, स्वीट अ‍ॅज, म्हणजे सगळं झकास, असं म्हणून ब्रेटने फोन ठेवला.

लहानपणी दसऱ्याला त्याची शाळेची पुस्तकं पूजेला बसायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायची बंदी असायची. एकदा त्याने त्यातून एक मासिक हळूच ओढलं होतं. बाबा दारात उभे होते. नुसते बघत राहिले. ती नजर पस्तीस वर्षांनी, समुद्रापलीकडे, बॉटनी डाउन्सच्या गॅरेजात त्याच्यावर येऊन पडली. पूजा मोडायची कशी? आणि सामान नाही नेलं तर मॅच हातची गेली. विचारावं का? स्वयंपाकघरातून बाबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच गुणगुणत होते. गुरुदत्तची हिंमत झाली नाही.

त्याने चिरागला बोलावलं. एस्टिमाला हार, मृदुला तिची गाडी घेऊन कामावर, म्हणजे चिरागची छोटी माझदा हाच आधार. बाजूच्या दाराने दोघं गॅरेजात शिरले. स्वयंपाकघरात धुराचा पंखा घोंघावत होता, बाबांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. एकेक वस्तू बाहेर काढायची आणि शेल्याखाली तिच्या आकाराचं काहीतरी सरकवायचं, असा गुरुदत्तचा बेत. बॅटींच्या जागी मॉप, गोल्फची छत्री, व्हॅक्यूम क्लीनरची नळी आणि सिद्धीची हॉकी स्टिक. बेसच्या जागी सोफ्याच्या उशा. मुखवट्याच्या जागी मोठी चाळण. चेंडूंच्या जागी चिराग कांदे घेऊन आला.

"कांदे नकोत," गुरुदत्त कुजबुजला. "नवरात्र आहे. बटाटे आण."

दारात सिद्धी उभी होती. "डॅड, आर यू स्टीलिंग फ्रॉम गॉड?"

"नाही गं. उसनं नेतोय."

"डझ गॉड नो?"

गुरुदत्तने तिला आजोबांना काही न सांगण्याबद्दल आइसक्रीम कबूल केलं. माझदाच्या खिडकीतून बॅटी बाहेर काढून दोघं निघाले, तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. त्याने एकदा मागे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरली होती आणि वाफेमागे बाबांची पाठ दिसत होती.

मैदानावर पोचून बेस मांडेपर्यंत एक वाजत आला. पहिल्यांदा पुकेकोंनी चेंडू टाकायचा होता. केंजीने तेलकट ग्लोव्हमधून तेलकट चेंडू काढला, कपाळाला आठी घातली, पण तक्रार करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने चेंडू टाकला. तो निघाला सरळ आणि अर्ध्या वाटेत बेत बदलून खाली गेला. फलंदाज हवेत बॅट फिरवून गोल फिरला. दुसरा चेंडू बाहेरून आत आला. तिसरा कुठून आला हे कुणालाच सांगता येईना. एकामागून एक दोघं बाद! प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले, ब्रेट कॅचरच्या जागेवरून नाचायला लागला, आणि गुरुदत्त छाती फुगवून चिरागला म्हणाला, "बघ, पूजेला अर्थ असतो."

तिसऱ्या फलंदाजाने बॅट खाली ठेवली आणि अंपायरला चेंडूकडे बोट करून दाखवलं. अंपायर म्हणजे मिस्टर डॉबसन, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चेंडू मागितला, डोळ्यांजवळ धरला, हुंगला. बोटाला लाल-पिवळा रंग लागला. बेसबॉलमध्ये पिचरने चेंडूला काही लावणं म्हणजे सरळसरळ लबाडी. त्यासाठी लोकांना हाकलतात.

गुरुदत्त धावत मैदानात गेला. त्याने समजावलं की हा आमचा सण आहे, आज हत्यारांची पूजा असते, यात लबाडी नाही, हा आशीर्वाद आहे.

डॉबसननी शांतपणे ऐकून घेतलं. "मेट," ते म्हणाले, "देव खेळणार असेल तर त्याचं नाव संघाच्या यादीत हवं होतं."

केंजीला बाहेर काढलं. तो अंपायरपुढे वाकला, नॉर्थ शोरच्या फलंदाजांपुढे वाकला, आणि मग गुरुदत्तपुढे येऊन वाकला. "आय अ‍ॅम सॉरी, गुरू-सान," तो म्हणाला. त्याला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं. गुरुदत्तला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

पुढचा खेळ नॉर्थ शोरच्या चेंडूंनी झाला. पुकेकोंची फलंदाजी आली. पहिला आला चिराग. त्याने चेंडू तटवला आणि सवयीप्रमाणे बॅट घेऊन पळाला. पण आज बॅटच हातातून निसटली, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा तो बेसबॉलच्या नियमाने पळाला, आणि पहिल्या बेसवर सुखरूप पोचला. मग आला टेविटा. त्याने दोन्ही हात बॅटीवर घट्ट आवळले, अंग मागे नेलं आणि सगळ्या ताकदीनिशी फिरवली. चेंडू होता तिथेच राहिला. बॅट मात्र हातातून सुटली, कुंपणावरून गेली आणि पार्किंगमधल्या एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन आदळली. गाडी मिस्टर डॉबसनची होती.

ते गाडीपर्यंत चालत गेले, बॉनेटकडे बघितलं, बॅट रुमालात धरून परत आले. एकेक करून सगळ्या बॅटींवर बोट फिरवलं. मग त्यांनी मॅच संपल्याचं जाहीर केलं. पुकेको हरले, गुण कापले, केंजीला पुढच्या दोन मॅचना बंदी. ज्या सीझनचं भाकीत गुरुदत्त ऑगस्टपासून करत होता, तो सीझन दुपारी दोनच्या आत आटोपला होता.

लोक पांगू लागले. टेविटा गवतात बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. गुरुदत्त बेस उचलत होता. तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून एक ओळखीची चाल आत आली. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, खांद्यावर जुन्या पंच्याचं फडकं. बाबा. त्यांच्यामागे सिद्धी धापा टाकत येत होती.

"बस उशिरा आली," बाबा म्हणाले. "शनिवारी कमी असतात म्हणे. मॅच कुठे आहे?"

त्यांनी रिकाम्या मैदानाकडे बघितलं, मग बाकांकडे बघितलं, आणि सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले. पिशवी मांडीवर घेतली. प्रेक्षकांत ते एकटेच होते. इतकी वर्षं गुरुदत्तने जे चित्र मनात धरलं होतं ते असं त्याच्यासमोर आलं, फक्त मैदानावर खेळ नव्हता.

तो त्यांच्याशेजारी जाऊन बसला. "संपली, बाबा. आपण हरलो. बॅटींना तेल होतं."

"मग पुसायचं ना. फडकं चादरीशेजारीच ठेवलं होतं." त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून दाखवलं. "तेच द्यायला आलो. शेला उचलला नैवेद्याला, तर आत व्हॅक्यूम क्लीनर. चाळणही तिथेच सापडली, मी घरभर शोधत होतो. मग सिद्धीने सांगितलं तुझी मॅच आज आहे, ओटाहुहुला."

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावायचा नाही."

"नैवेद्य होईपर्यंत म्हणालो होतो. एवढ्या पुऱ्या व्हायच्याच होत्या." बाबा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. "अरे, एसटी कधी दसऱ्याला बंद राहिली का? हार घालायचा, नारळ वाढवायचा आणि सातची महाबळेश्वर सातला सोडायची. वापरायच्या नसतील तर पूजा कशाला करायची?"

"मग पुस्तकं? आई हात लावू द्यायची नाही."

"ते तिचं होतं. वर्षात एक दिवस तरी पोराला अभ्यासातून सुटका, म्हणायची."

गुरुदत्तने त्या मासिकाची आणि दारातल्या नजरेची गोष्ट सांगितली. बाबांना काहीच आठवेना. "रात्रपाळी करून आलो असेन," ते म्हणाले. "उभ्या उभ्या झोपलो असेन." मग फडक्याची घडी करून गुरुदत्तच्या हातात देत बाबा म्हणाले, "विचारलं असतंस तर मीच पुसून दिल्या असत्या. गाडीतून तुझ्याबरोबरच आलो असतो. पहिल्यापासून बघितली असती."

त्यांनी डबे उघडले. पुऱ्या गार झाल्या होत्या, श्रीखंड प्रवासात डब्याच्या झाकणाला लागलं होतं. पुकेको आले, नॉर्थ शोरवालेही आले. मिस्टर डॉबसननी दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली, पण निकाल बदलला नाही. केंजी बाबांपुढे वाकला, बाबा उठून त्याच्यापुढे वाकले, आणि दोघांना थांबायचं कधी हे कळेना. शेवटी सिद्धीने दोघांच्या हातात पुरी दिली.

सोमवारी वादळ आलंच नाही. सकाळपासून असं लख्ख ऊन पडलं की शेजारी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून बीचवर गेले. गुरुदत्त दिवसभर बाबांची बॅग वजन करत बसला. बुधवारी विमानतळावर बाबांनी पाटीवर आपलं विमान वेळेवर असल्याची खात्री केली आणि मान हलवली. मग जाता जाता म्हणाले की संघ तसा चांगला आहे. पिचर सज्जन आहे, तो टोंगाचा मुलगा ताकदीचा आहे. एकच जागा कच्ची. गुरुदत्तने विचारलं, "चिरागची ना?"

"गॅरेजवाली," बाबा म्हणाले आणि आत गेले.

त्या वर्षी शील्ड त्या एका मॅचच्या गुणांनी हुकली. पुकेकोंनी गुरुदत्तला काढलं नाही, कारण एवढ्या मोठ्या डिकीचा दुसरा माणूस सापडेना. फडकं त्याने पिशवीत ठेवून दिलं. प्रत्येक मॅचआधी तो सगळ्या बॅटी त्या फडक्याने पुसायचा, त्यांना काही लागलेलं नसलं तरी.

पुढच्या वर्षीही खंडेनवमीला मॅच आली. गुरुदत्तने स्वतः पूजा मांडली, स्वतः पुऱ्या तळल्या, त्यातल्या निम्म्या फुगल्या. नैवेद्य दाखवला. मग गाडीत सामान भरण्याआधी त्याने पुण्याला फोन लावला. आता विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. फोन बराच वेळ वाजला.

"बाबा, नैवेद्य झाला. बॅटी काढू का?"

पलीकडून घोगरा आवाज आला. "काढ. आधी पुस. पहिला केंजीच टाकतोय ना?"

"हो, केंजीच." बाबांच्या लक्षात होतं. "आणखी काही, बाबा?"

"हो," बाबा म्हणाले. "इथे पहाटेचे साडेचार वाजलेत, गाढवा."